निघालो होतो गुहागरला, पोहोचलो हर्णैला: कामाच्या बंदरावर अनाहूत पाहुण्याने कसे वागावे?

तिठा | 27 जानेवारी, रात्री 10:15

गेल्या रविवारी, म्हणजे 25 तारखेला, आम्ही चौघे हरिहरेश्वरहून गुहागरला निघालो होतो. बागमांडल्याला जंगलजेट्टीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची, वेश्वीला उतरून केळशी आणि आंजर्ल्यावरून दाभोळ गाठायचे, आणि तेथून दुसऱ्या जंगलजेट्टीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला लागायचे, असा बेत होता. जोडून सुट्ट्या आल्यामुळे पहिल्याच खाडीवर गाड्यांची रांग लागलेली होती आणि तेथेच आमचे अडीच तास गेले. साडेचारच्या सुमारास आम्ही हर्णैजवळ पोहोचलो, तेव्हा दाभोळला अंधाराच्या आत पोहोचणे शक्य नाही हे उघड झाले होते. चालकाच्या, म्हणजे माझ्या, पाठीने संप पुकारल्यामुळे आम्ही मुक्काम तेथेच करायचे ठरवले.

खोली मिळेपर्यंत चहा घ्यावा म्हणून बंदराकडे वळलो आणि समोर जे दिसले त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. पाण्यात दूरवर बोटी नांगरलेल्या होत्या, छोट्या होड्या त्यांच्याकडून मासळी आणत होत्या आणि पोटापर्यंतच्या पाण्यात उभ्या असलेल्या बैलगाड्यांत ती मासळी भरली जात होती. वाळूवर ठिकठिकाणी ढीग पडले होते, प्रत्येक ढिगाभोवती माणसांचे कडे होते आणि मध्ये लिलाव चालला होता. मी भ्रमणध्वनी काढला आणि फोटो घेत घेत अशाच एका कड्यात शिरलो. दोनच मिनिटांत एका कोळीणबाईंनी मला दंडाला धरून बाजूला केले आणि सगळ्यांसमोर सुनावले, "अजून भवानी झाली नाही आणि तुझं काय फोटो फोटो चाललंय?"

आजूबाजूचे हसले, मीही ओशाळून हसलो आणि मागे सरलो. पण खरे सांगायचे तर त्या रात्री मला थोडे वाईट वाटले. मी कोणाची टिंगल करत नव्हतो, उलट भारावून गेलो होतो. म्हणून प्रश्न विचारतो आहे. आपण ठरवून आलेलो नसतो, ओळखीचे कोणी नसते आणि गाव आपल्या कामात असते. अशा वेळी पाहुण्याने तेथे थांबावे का, थांबलाच तर कसे वागावे, आणि एवढा राग येण्यासारखे माझ्याकडून नेमके काय घडले?

चिंचोका | 27 जानेवारी, रात्री 10:31

भवानीच्या आधी फोटो, आणि गिऱ्हाईक म्हणून उपयोग शून्य! बाईंनी आपल्याला केवळ बाजूला केले, पाण्यात नाही ढकलले, याबद्दल आपण त्यांचे आभार मानायला हवेत.

रोखठोक | 27 जानेवारी, रात्री 11:02

मला यात आपली काहीही चूक दिसत नाही. बंदर ही सार्वजनिक जागा आहे, तेथे प्रवेशाला बंदी नाही आणि आपण कोणाच्या घरात डोकावलेले नाही. भाजी मंडईत, यात्रेत, रेल्वे स्थानकात आपण फोटो काढतो, तेव्हा कोणी दंडाला धरत नाही. पर्यटकाने प्रत्येक ठिकाणी अपराधी भावनेने वावरावे, ही अलीकडे आलेली फॅशन आहे. आपण नम्र होतात, एवढे पुरेसे आहे.

पाटीवाली | 28 जानेवारी, सकाळी 7:50

माझी आई चाळीस वर्षे मासळी विकते आहे. गाव दुसरे, पण लिलाव सगळीकडे सारखाच असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

लिलावाच्या त्या कड्यात उभे असलेले सगळे सारख्या ताकदीचे नसतात. एका बाजूला बर्फाच्या गाड्या घेऊन आलेले मोठे व्यापारी असतात, ते ढीगच्या ढीग उचलतात. दुसऱ्या बाजूला माझ्या आईसारख्या बायका असतात. त्यांना दोन-तीन पाट्या मासळी हवी असते, तीही अशा भावाने की ती दिवस मावळायच्या आत वाट्यावर विकून चार पैसे सुटावेत. बोली काही सेकंदांत संपते. लिलाव करणाऱ्याने कोणाकडे पाहिले, कोणाची मान हलली, कोणी बोट उचलले, यावर सगळे ठरते. बऱ्याचदा ही खरेदी उधारीवर असते आणि त्या दिवशीची विक्री झाल्यावर पैसे फेडायचे असतात. हातून एक ढीग गेला, तर पुढचा ढीग चढ्या भावाने घ्यावा लागतो किंवा रिकाम्या पाटीने परतावे लागते.

आता आपण कोठे उभे होतात ते आठवून पाहा. आपल्या मूळ लेखात आपण कड्यात शिरलो असे म्हटले आहे. म्हणजे बहुधा त्या बाई आणि लिलाव करणारा यांच्या बरोबर मध्ये. फोटोचे निमित्त झाले. त्यांचा राग आपल्या पाठीवर होता, कारण त्या पाठीमुळे त्यांना समोरचे दिसत नव्हते.

रोखठोक यांना एवढेच विचारते, की रेल्वे स्थानकात फोटो काढताना आपण तिकीट खिडकीच्या तोंडाशी आडवे उभे राहता का?

तिठा | 28 जानेवारी, सकाळी 9:12

पाटीवाली, आपला प्रतिसाद वाचून मी माझे फोटो पुन्हा उघडून पाहिले. तिसऱ्या फोटोत लिलाव करणारे गृहस्थ थेट माझ्याकडे पाहत आहेत आणि त्यांनी हाताने बाजूला होण्याची खूण केलेली आहे. तेव्हा ते मला अभिवादन वाटले होते.

चिंचोका | 28 जानेवारी, सकाळी 9:20

आपण बोली लावली असती, तर तोच हात आपल्याला दोन पाट्या बांगडे देऊन गेला असता.

वल्हे | 28 जानेवारी, दुपारी 1:40

मी त्याच भागातला आहे, हर्णैला लागून असलेल्या पाजपंढरीत माझे आजोळ आहे. बैलगाड्यांविषयी कोणी विचारले नाही, तरी सांगतो, कारण पाहुणे सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच काढतात आणि ती जुन्या काळाची हौस आहे असा समज करून घेतात.

येथे किनारा उथळ आहे. मोठ्या बोटींना टेकायला पुरेसा धक्का नसल्यामुळे त्या आत नांगरतात. बोटीतून होडीत, होडीतून गाडीत आणि गाडीतून वाळूवर, असा मासळीचा प्रवास होतो. बर्फ, डिझेल आणि पिण्याचे पाणी हे उलट्या वाटेने जाते. प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो आणि उन्हात मासळीचा भाव उतरतो. चांगली जेटी व्हावी ही आमच्याकडची जुनी मागणी आहे. ज्या दृश्यावर पाहुणा भाळतो ते दृश्य आमच्या गैरसोयीतून तयार झालेले आहे, हे कळले तर फोटो काढणाऱ्याचा हात थोडा थबकेल असे मला वाटते. काढूच नयेत असे माझे म्हणणे नाही. बैलगाडीवाल्यालाही आपल्या बैलांचे कौतुक झालेले आवडते, फक्त ती पाण्यातून भरून वर येत असताना चाकापुढे उभे राहू नये. भरलेली गाडी वाळूत थांबली तर पुन्हा निघत नाही.

आणि एक सूचना. लिलाव साधारणपणे सकाळी आणि संध्याकाळी असतो. मधल्या वेळेत बंदरावर माणसे मोकळी असतात. ज्याला बोलायचे आहे त्याने तेव्हा यावे.

पाऊणपट | 28 जानेवारी, संध्याकाळी 6:05

धागाकर्त्यांनी बैल पोटापर्यंत पाण्यात होते असे लिहिले आहे, आणि ते हिशेबाला धरून आहे. 25 तारखेला रथसप्तमी होती. आमच्याकडे भरतीची वेळ काढण्याची सोपी रीत आहे, ती म्हणजे तिथीची पाऊणपट करायची. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे सव्वापाचच्या आगेमागे भरती पूर्ण व्हायची. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ही रीत जमते. हा हिशेब ढोबळ आहे, जागेनुसार थोडा फरक पडतो आणि होडी घेऊन जाणाऱ्याने वेळापत्रकच पाहावे. पण अचानक एखाद्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या पाहुण्याला पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढा अंदाज यावरून नक्की येतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी खूप वर येते आणि खूप आत जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याला फारशी ओढ नसते.

उत्तरेकडे, उरण, वर्सोवा, सातपाटी या बाजूला, पाण्याच्या या ओढीवर डोल जाळी चालतात. हे पिशवीसारखे जाळे समुद्रात रोवून ठेवतात आणि वाहते पाणीच त्यात मासळी आणून टाकते. त्यामुळे तेथे भांगाच्या दिवसांत गेलात तर माणसे निवांत भेटतील आणि उधाणात गेलात तर कोणाला मान वर करायला फुरसत नसेल. रविवार कोणता, हे समुद्राला माहीत नसते.

चिंचोका | 28 जानेवारी, संध्याकाळी 6:11

आपल्या आयडीचा अर्थ आज कळला. आतापर्यंत मी तो जेवणाच्या प्रमाणाशी जोडत होतो.

दुपारची झोप | 28 जानेवारी, रात्री 9:30

पाऊणपट यांचा प्रतिसाद मला तीन वर्षांपूर्वी मिळाला असता तर फार बरे झाले असते. आम्हीही असेच रस्ता चुकून एका लहान मच्छीमार गावात शिरलो आणि ओल्या, कडक वाळूवर गाडी नेऊन उभी केली. जेवण करून परत आलो तेव्हा मागची दोन चाके निम्मी रुतली होती आणि लाटा दिव्यांपर्यंत आल्या होत्या. गावातल्या वीसेक माणसांनी होडी ओढायचा दोर बांधून, होडी ओढताना म्हणतात त्याच तालावर आरोळ्या देत, ती गाडी बाहेर काढली. पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. एका म्हाताऱ्या तांडेलांनी मात्र शांतपणे विचारले, "होडी आम्ही कधी तुमच्या रस्त्यावर आणून ठेवतो का?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते.

उंबरठा | 29 जानेवारी, सकाळी 11:25

मी या चर्चेत वेगळा अनुभव मांडू इच्छिते. आम्ही एकदा जुलैमध्ये, दरड कोसळून घाट बंद झाल्यामुळे, दोन दिवस दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावात अडकलो. तेव्हा यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी होती. पश्चिम किनाऱ्यावर ती 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असते, कारण हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बोटी वर ओढून ताडपत्रीने आणि झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. बंदरावर ना लिलाव होता, ना गर्दी, ना वास. पर्यटकाच्या दृष्टीने पाहण्यासारखे काहीच नव्हते.

आणि तरीही, किंवा त्यामुळेच, आमच्याशी जेवढे लोक बोलले तेवढे पुढे कधी बोलले नाहीत. एका पडवीत चार पुरुष फाटलेली जाळी तुणत बसले होते. त्यांनी आम्हाला पावसातून आत बोलावले, बसायला पाट दिला आणि तीन तास गप्पा झाल्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कोणाच्या घरावरचे पत्रे कोठे सापडले, होडी वाचवायला नारळाला बांधली तर नारळच कसा उन्मळला, हे ते जणू दुसऱ्याचे सांगावे तसे सांगत होते. माझ्या मुलाला त्यांनी जाळ्याची गाठ शिकवली. ती त्याने घरी येऊन पडद्याच्या दोरीला घातली आणि ती अद्याप सुटलेली नाही.

तेव्हा धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की न सांगता जाण्यात दोष नाही. आपण त्यांच्या कोणत्या वेळेत शिरतो, यावर आपण पाहुणे ठरतो की अडगळ, हे अवलंबून असते.

रोखठोक | 29 जानेवारी, दुपारी 3:18

लिलावात आडवे येऊ नये, हा पाटीवाली यांचा मुद्दा मी मान्य करतो. तो मला सुचला नव्हता. परंतु या धाग्यावर पर्यटकाला सरसकट उपद्रव ठरवण्याकडे जो कल चालला आहे, त्याला माझा विरोध कायम आहे. हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर या पट्ट्यात आज खोल्या आहेत, खानावळी आहेत, होडीच्या फेऱ्या आहेत. बंदीच्या दोन महिन्यांत जेव्हा समुद्रातून पैसा येत नाही, तेव्हा काही घरांना पर्यटनाचाच आधार असतो. पाहुणा नको आणि त्याचा पैसा हवा, असे होत नाही.

पाटीवाली | 29 जानेवारी, संध्याकाळी 7:02

पैसा येतो, हे खरे आहे. फक्त तो ज्या घरात येतो ते घर आणि ज्या घरासमोर उभे राहून फोटो काढले जातात ते घर, ही बहुतेक वेळा दोन वेगळी घरे असतात. खोल्या त्याच्याकडे असतात ज्याच्याकडे जागा आहे. बंदरावरच्या बाईकडे पाटी असते. आपण तिच्याकडून एक वाटा घेतलात, तर पर्यटनाचा पैसा तिच्यापर्यंत पोहोचला असे मी म्हणेन.

चिंचोका | 29 जानेवारी, संध्याकाळी 7:15

हे पटले. पण ज्याला कोळंबी आणि खेकडा यांच्यापलीकडे काही ओळखता येत नाही त्याने घ्यावे काय, याचेही मार्गदर्शन व्हावे. मागच्या वेळी मी ताजे म्हणून जे आणले ते मांजरानेही हुंगून सोडले.

पाटीवाली | 29 जानेवारी, संध्याकाळी 7:40

कल्ले उघडून पाहावेत, ते लालभडक हवेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. अंगाला बोट दाबले तर खळगा राहता कामा नये. आणि स्वस्त मिळतात म्हणून तळहातापेक्षा लहान पापलेटे मागू नयेत. पापलेट हा 2023 पासून आपला राज्यमासा आहे आणि 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडण्यावर निर्बंध आहेत. गिऱ्हाईक मागत राहिले की ती जाळ्यात येत राहतात. मांजराविषयी मात्र मी काही सांगू शकत नाही.

कोयरी | 30 जानेवारी, सकाळी 8:33

मालवणच्या बाजूला पहाटे फिरताना आम्हाला एकदा रापण ओढताना दिसली. होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, असा तो प्रकार असतो आणि त्याला वीस-तीस माणसे लागतात. आम्ही लांब उभे राहून पाहत होतो. तेवढ्यात दोरावरच्या एकाने माझ्या यजमानांना हाक मारली, "बघता काय, धरा." ते दीड तास ओढत होते. जाळे वर आले तेव्हा त्यात बरीचशी शेवाळे आणि थोडीच मासळी होती. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या जाळ्याने थवेच्या थवे घेरणाऱ्या यांत्रिक बोटींनी, पुढेच सगळे उचलले, तर आमच्यापर्यंत काय येणार, अशी त्यांची तक्रार चालली होती. तरीही निघताना त्यांनी आमच्या पिशवीत दोन मुठी तारल्या टाकल्या. नको म्हटले तर एकजण रागावला. दोर ओढणाऱ्याला वाटा असतो, तो नाकारायचा नसतो, असे त्याने ठणकावून सांगितले.

तिठा यांना बाजूला केले गेले आणि आम्हाला आत ओढले गेले. दोन्ही वेळा ठरवणारे ते होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

गलबत | 30 जानेवारी, दुपारी 12:10

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण हर्णैला मुक्काम करून सुवर्णदुर्ग पाहिला नाही असे कसे झाले? 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे.

तिठा | 30 जानेवारी, दुपारी 2:45

किनाऱ्यावरून, कनकदुर्गाच्या दीपगृहापाशी उभे राहून पाहिला. होडीवाल्यांना विचारायचे धाडस त्या दिवशी शिल्लक नव्हते.

निवांत | 31 जानेवारी, रात्री 8:20

एक किरकोळ शंका. अनोळखी कोळीणबाईंना आपण सर्रास मावशी म्हणतो. त्यांना ते आवडते का?

पाटीवाली | 31 जानेवारी, रात्री 8:52

माझी आई म्हणते, की मावशी म्हणून भाव पाडणाऱ्यापेक्षा बाई म्हणून रोख देणारा बरा.

तिठा | 9 मार्च, रात्री 9:30

धागा वर काढतो आहे, कारण सांगण्यासारखे घडले आहे.

मनात रुखरुख होती, म्हणून या वेळी मी रीतसर नियोजन करून हर्णैला गेलो. जोडून सुट्टी टाळली. पाऊणपट यांच्या रीतीने हिशेब केला. शनिवारी, 7 तारखेला, वद्य चतुर्थी होती, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि पौर्णिमा नुकतीच उलटलेली असल्यामुळे पाण्याला जोरही चांगला असणार होता. वल्हे यांच्या सल्ल्याप्रमाणे लिलावाच्या पुष्कळ आधी पोहोचायचे, कोठे उभे राहायचे ते पाहून ठेवायचे, पिशवी आणि सुटे पैसे जवळ ठेवायचे आणि भ्रमणध्वनी गाडीत ठेवायचा, असे सगळे ठरवले होते.

बरोबर तीन वाजता बंदरावर उभा राहिलो. भरती हिशेबाप्रमाणे चोख आली होती. बोटी एकीला एक लागून नांगरलेल्या होत्या, गाड्या सुटलेल्या होत्या, बैल सावलीत रवंथ करत होते आणि वाळूवर एकही ढीग नव्हता.

त्याच बाई एका छपराखाली सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना लगेच ओळखले. जवळ जाऊन विचारले, की आज लिलाव नाही का. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "शिमग्यात बोटी कोण सोडतो? खलाशी गावाला गेलेत पालखीला. आज कशाला आलात?"

होळी मंगळवारीच आटोपली असे मी शहरातल्या हिशेबाने धरून चाललो होतो. मग मी जानेवारीतला प्रसंग सांगितला आणि मध्ये उभा राहिल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. त्यांना काहीही आठवले नाही. अशा पंधराजणांना रोज बाजूला करावे लागते, त्यातले तुम्ही कोणते, असे त्या म्हणाल्या, आणि समोरची गोणी सरकवून मला बसायला जागा करून दिली. तासभर बसलो. निवडायला मदत करू का म्हणून विचारले तर त्यांनी माझ्यापुढे सुकटाचा ढीग ओढला, आणि मी निवडलेले सगळे त्यांनी नंतर पुन्हा एकदा निवडले. निघताना अर्धा किलो सोडे घेतले. फोटो काढलेला नाही.

वल्हे | 9 मार्च, रात्री 10:04

शिमगा आमच्याकडे धुळवडीला संपत नाही, हे मी सांगायला हवे होते. चूक माझी आहे.

पाऊणपट | 9 मार्च, रात्री 10:16

माझी भरती मात्र वेळेवर आली, याची नोंद घ्यावी.

पाटीवाली | 10 मार्च, सकाळी 7:35

सोडे दोन दिवस उन्हात ठेवून मगच डब्यात भरा. घाईने भरले तर बुरशी येते.